खुर्चीतलं खुर्चीत

प्रार्थनेला जाऊन कारागिरांना मिळणार काय होतं, याचा हिशेब आधी मांडलेला बरा. देव मिळणार नव्हता. तशी त्यांची मागणीही नव्हती. पुण्याच्या भानगडीत ते कधी पडले नव्हते, आणि वरच्या घरची सोय बायको दोघांसाठी मिळून बघत होती. मिळणार होता तो रोज संध्याकाळचा एक तास, ज्यात कोणी तोंड उघडणार नव्हतं. एवढ्यासाठी माणूस देवाच्या दारात जातो का? ज्याने जन्मभर सलून चालवलं आहे, तो जातो.

सलूनच्या खुर्चीत गप्प बसणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे. अंगावर पांढरं कापड आलं, मानेमागे गाठ बसली, हात कापडाखाली गेले, की माणसाकडे चालवायला फक्त तोंड उरतं. मग तो जावयाचं सांगतो, साहेबाचं सांगतो, भावाने खाल्लेल्या जमिनीचं सांगतो, जे डॉक्टरपासून लपवलं ते दुखणंही सांगतो. कारागिरांनी सगळं आयुष्य ‘हं’, ‘बरोबर’ आणि ‘मग काय’ एवढ्यावर काढलं. धंद्याचा नियम त्यांनी कधी मोडला नाही: खुर्चीतलं खुर्चीत. कापलेले केस झाडून टाकतात तसं ऐकलेलंही झाडून टाकायचं, उंबरठ्याबाहेर न्यायचं नाही. त्यांचं सलून चाललं ते या नियमावर. हाताची सफाई नंतर आली.

मुलाने सलून हातात घेतलं, तेव्हा आधी भिंतीवर टीव्ही लावला आणि मग वडिलांना घरी बसवलं. घरी काय? पुढच्या खोलीत सूनबाईंची शिकवणी, वरच्या पट्टीतले पाढे. आतल्या खोलीत बायको आणि फोनवर तिची बहीण. एकीचं संपलं की दुसरीचं सुरू, आणि बहुतेक वेळा संपायच्या आधीच. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, भुवया वर केल्या आणि म्हणाले, “काका, काहीतरी छंद लावून घ्या.”

कारागिरांनी प्रामाणिकपणे छंद लावून पाहिले. गॅलरीत कुंड्या ठेवल्या, तर खालचे गृहस्थ रोज जिना चढून खताबद्दल सल्ला द्यायला येऊ लागले. सकाळी फिरायला गेले, तर बागेतल्या मंडळींनी त्यांना मधोमध घेतलं आणि चालता चालता स्वतःच्या मूत्रपिंडांची माहिती दिली. शेवटी ते गळ घेऊन तळ्यावर गेले. मासेमारीत तरी शांतता असेल असं त्यांना वाटलं. पण गप्प असतात ते मासे, गळवाले नाही.

“अहो, तुम्हाला नक्की काय हवंय तरी काय?” बायकोने विचारलं.

“काही नको.”

“काही नको म्हणजे काय हवंय?”

याचं उत्तर द्यायचं तर बोलावं लागलं असतं, म्हणून कारागीर चपला घालून बाहेर पडले. त्याच संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या दारावर त्यांना ती पाटी दिसली: ‘मौन प्रार्थना. कोणीही यावे.’

आत लांबट खोली होती. लाकडी खुर्च्या, छताला एक कुरकुरणारा पंखा, समोर टेबलावर दिवा. दिव्यामागे बाई बसल्या होत्या. बाई म्हणजे जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाला त्यांनी बाकावर उभं केलेलं. पाठ ताठ, मानेवर मूठभर नव्हे, चांगला ओंजळभर अंबाडा. निवृत्तीनंतर त्यांनी हे सुरू केलं होतं. वाचनालयाचा व्यवस्थापक त्यांचा विद्यार्थी, म्हणून खोली मिळालेली. बाईंच्या शब्दावर आणि फक्त बाईंच्या शब्दावर. त्या रोज एकच वाक्य म्हणायच्या, “आपापलं ओझं खुर्चीखाली ठेवा आणि बसा,” आणि मग घंटी वाजवायच्या. त्यानंतर तासभर काही नाही.

पहिल्या दिवशी कारागिरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पंखा कुरकुरत होता, शेजारचा माणूस श्वास घेत होता, आणि त्यापलीकडे कोणी काहीच सांगत नव्हतं. ‘हं’ म्हणायची गरज नव्हती. बाईंनी ते पाणी पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. गैरसमज झाला होता, पण दोघांच्याही फायद्याचा, म्हणून कारागिरांनी तो दूर केला नाही.

असं सुख टिकलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. घोडं अडलं ते ड्रायव्हरसाहेबांच्या मानेपाशी.

ड्रायव्हरसाहेब मागच्या रांगेत बसायचे. लांब पल्ल्याच्या बसवर जन्म काढलेला अगडबंब माणूस. मध्ये हृदयाचा झटका येऊन गेला आणि त्यानंतर चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. आणि कारागिरांच्या मुलाचं सलून वरच्या मजल्यावर. केस कॉलरवर आले होते.

“कारागीर, जरा मागचं तेवढं उतरवाल का?” एके दिवशी प्रार्थना सुटल्यावर त्यांनी विचारलं. “इथेच, त्या बेसिनपाशी. नळ आहे, आरसा आहे, खुर्ची मी उचलतो. म्हणजे तुम्ही उचला.”

आजारी माणसाला नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी कारागिरांनी पिशवीत कात्री, कंगवा आणि पांढरं कापड घातलं. मागच्या बोळात बेसिनसमोर खुर्ची मांडली. गाठ बसली, हात कापडाखाली गेले, आणि ड्रायव्हरसाहेबांचं तोंड सुरू झालं.

“कुणाला सांगू नका हं, पण मी इथे झोपायला येतो.”

“हं.”

“घरी डोळा लागला की आमची ही येते आणि नाकाखाली बोट धरते. श्वास चालू आहे का बघते! तुम्हीच सांगा, बोटाच्या धाकाने झोप येईल कुणाला? इथे आलो, मान टाकली, की तासभर गाडी घाटाखाली. पण मनाला लागतं हो. तुम्ही सगळे एवढे भक्तीने बसता, आणि मी मेला तुमच्यात घोरायचा बाकी.”

“मग काय,” कारागीर म्हणाले.

एका मानेला हो म्हटलं, की बाकीच्यांनी काय पाप केलंय? पुढच्या आठवड्यात कॅशिअर खुर्चीत. बँकेत काच आडवी घालून आयुष्य काढलेला, बारीक, टापटिपीचा माणूस. ते सांगू लागले, “घरी संध्याकाळ झाली की सूनबाईंची यादी तयार असते. बाबा, दळण. बाबा, दूध. बाबा, बाळाला जरा धरा. एका प्रार्थनेला मात्र कोणी नको म्हणू शकत नाही. म्हणून येतो. डोळे मिटतो आणि पेपरातलं शब्दकोडं मनातल्या मनात सोडवतो. लाज वाटते, पण काय करणार? श्रद्धा म्हणजे ड्रायव्हरसाहेबांची! कसे विरघळून जातात बघा.”

“बरोबर,” कारागीर म्हणाले. त्यांची कात्री जरा थबकली, एवढंच.

त्यांच्यामागून दवाखान्यात उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत राबलेल्या सिस्टर आल्या. देवावरचा त्यांचा भरवसा बालविभागातच उडाला होता. “पण आजारी नसलेल्या माणसांच्या शेजारी बसायला मिळतं ना,” त्या म्हणाल्या, “तेवढ्यासाठी येते. तुम्ही मंडळी खरी श्रद्धाळू. मला आपली तुमची सावली पुरे.”

अशा रीतीने महिन्याभरात खोलीतल्या प्रत्येक डोक्याचा माल कारागिरांच्या कानात येऊन पडला. प्रार्थनेला आलेलं त्या खोलीत कोणी नव्हतंच. जो तो दुसऱ्याच्या भक्तीला लाजून डोळे अधिक घट्ट मिटत होता. हे ऐकून एखादा पोट धरून हसला असता. पण कारागिरांच्या दृष्टीने नुकसान मोठं होतं. आता घंटी वाजली की शांततेऐवजी त्यांना आवाज ऐकू यायचे. डावीकडे नाकाखाली बोट, उजवीकडे दळण, मागे बालविभाग. सलून सोडून आले होते, आणि सलून पाठोपाठ चालत आलं होतं. तरी तासातला थोडा भाग अजून मोकळा सापडायचा, शेवटी शेवटी, सगळी डोकी दमल्यावर. कारागीर त्या तुकड्याला नखांनी धरून होते.

आणि मग बाई आल्या.

सगळे गेल्यावर आल्या. दिवा विझवला, खोलीला कुलूप लावलं, किल्ली हातातच ठेवली आणि बोळात येऊन खुर्चीत बसल्या. स्वतःच्या हातांनी अंबाडा सोडला. केस पाठीवरून खुर्चीच्या बैठकीपर्यंत उतरले. पांढरे, पण जाड, एखाद्या तरुण मुलीने हेवा करावा असे.

“टोकं सारखी करू?” कारागिरांनी विचारलं.

“सगळे काढा.”

“सगळे म्हणजे?”

“टक्कल नाही हो! एवढं घाबरू नका. कानाच्या वरपर्यंत. मान मोकळी हवी.”

कारागिरांच्या हातातला कंगवा हवेतच राहिला. म्हाताऱ्या बाईने आयुष्यभराचे केस एका बैठकीत उतरवायला सांगितले, तर तिने मनाशी काहीतरी ठरवलेलं असतं. एवढं त्यांना कळत होतं.

“डॉक्टरांनी सांगितलं का?”

“टोपीत मावत नाहीत.”

“कसल्या टोपीत?”

आरशातून बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग, शाळेत चोरी पकडली गेलेल्या मुलीसारख्या त्या म्हणाल्या, “पोहायच्या.”

तलावावर वयस्क बायकांसाठी वर्ग निघाला होता. शिकवणारी मुलगी बाईंच्याच शाळेतली. तिने एक जागा धरून ठेवली होती, सोमवारपर्यंत. वर्गाची वेळ हीच, प्रार्थनेची, दुसरी नाही.

“शाळेची सहल दरवर्षी तळ्यावर जायची,” बाई म्हणाल्या. “मुली पाण्यात आणि मी काठावर. गळ्यात शिट्टी. एक बुडायला नको म्हणून जन्मभर मोजत राहिले. मला एकदा आत जायचंय, कारागीर. गुडघे आहेत तोवर.”

“हं.”

“आणि खरं सांगू का? इथे आता माझं काही होत नाही. पूर्वी बसलं की आतून काहीतरी यायचं. शब्द नसायचे, पण कोणीतरी आहे असं वाटायचं. हल्ली डोळे मिटते आणि आत शाळा सुटल्यानंतरचा वर्ग असतो. बाकं आहेत, फळा आहे, कोणी नाही. रोज घंटी वाजवायची आणि रिकाम्या वर्गात जाऊन बसायचं. कोंडून घातल्यासारखं होतं हो. पण समोर तुम्ही सगळे! ड्रायव्हरसाहेबांची मान कशी झुकते पाहिलंत? असं लीन होणं मला जन्मात जमलं नाही. कॅशिअरांच्या कपाळावरच्या त्या आठ्या, किती खोल जातात ते! अशा माणसांना मी काय सांगू? की तुम्ही बसा, मी चालले डुंबायला?”

कारागीर केस विंचरत राहिले.

“तुम्ही माणसं ओळखता,” बाई म्हणाल्या. “जन्मभर तेच केलंत. म्हणून तुम्हाला विचारते, आणि तुम्ही म्हणाल तसं करीन. मी नसले तर चालेल का यांना?”

आता इथे कारागिरांच्या बाजूने एक म्हणता येईल, की धंद्याचा नियम आडवा आला. पण ते खरं नाही. ड्रायव्हरसाहेबांची झोप उघडी पाडायची गरज नव्हती, कोड्याचं नाव काढायची गरज नव्हती. ‘जा बाई, खुशाल जा, चालेल सगळ्यांना’ एवढं म्हणायला कुठलंही गुपित फुटत नव्हतं. उत्तर तोंडात तयार होतं.

पण कात्री हातात धरून कारागिरांनी हिशेब केला. बाई गेल्या की खोली गेली. त्यांची जागा दुसरं कोण घेणार? जो तो स्वतःला सगळ्यात पापी समजून बसलेला. सोमवारपासून या वेळेला कारागीर कुठे असतील? पुढच्या खोलीत पाढे, आतल्या खोलीत मेव्हणी. तो शेवटचा मोकळा तुकडा, तोही गेला.

“बाई,” ते म्हणाले, “तुम्ही नसलात तर ही माणसं उघड्यावर पडतील.”

“असं वाटतं तुम्हाला?”

“वाटतं काय, दिसतं.”

टक्कल पडत चाललेल्या गिऱ्हाइकाला ‘अजून भरपूर आहेत की’ म्हणून सांगायचा एक आवाज असतो. ऊबदार, ठाम, अनुभवी. तोच आवाज त्यांनी लावला. त्या आवाजावर आजवर कोणी शंका घेतली नव्हती. बाईंनीही घेतली नाही. आरशात त्यांचे खांदे हळूच खाली आले.

“मग टोकंच काढा,” त्या म्हणाल्या.

कारागिरांनी टोकं काढली. बाईंनी अंबाडा परत घातला, किल्ली पर्समध्ये टाकली आणि जाताना थांबून म्हणाल्या, “बरं झालं तुम्हाला विचारलं. माझा पाय घसरत होता.”

कारागीर फरशीवर पडलेले पांढरे केस झाडू लागले. मूठभरही नव्हते.

खरं तर इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण बाई प्रामाणिक. सोमवारी घंटी वाजवण्याआधी त्या नेहमीचं वाक्य म्हणाल्याच नाहीत. उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की माझी श्रद्धा आटली होती, मी हे बंद करून पोहायला जाणार होते, पण तुमच्यातल्याच एकाने मला आठवण करून दिली की माझ्या भरवशावर तुम्ही इथे येता. “तुम्ही टिकून आहात, तर मलाही टिकायला हवं,” त्या म्हणाल्या. “आणि प्रायश्चित्त म्हणून उद्यापासून आपण अर्धा तास जास्त बसू.”

ड्रायव्हरसाहेबांनी रुमालाने डोळे पुसले. कॅशिअरांनी मान खाली घातली. सिस्टर कधी रडत नसत, त्यांनी नाक शिंकरलं. ‘आम्ही तशातले नाही’ हे बोलायची ती वेळ होती, आणि प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहून ती जाऊ दिली.

मग बाईंनी कारागिरांना पुढे बोलावलं आणि दिव्याच्या बाजूला, स्वतःच्या शेजारी, खुर्ची दिली.

घरी बायको खुलली. “पुढच्या रांगेत? अगंबाई! ताईला फोन करते.” आणि केला.

चार दिवसांनी ड्रायव्हरसाहेब बेसिनपाशी. “काय सांगू कारागीर, झोपच उडाली. बाई आपल्यासाठी बसतात म्हटल्यावर डोळा लागेल कसा? मान टाकली की वाटतं, दगाबाज आहे मी. टक्क जागा असतो. आता दीड तास!”

“मग नका येऊ.”

“वा! असं कसं? त्यांना काय वाटेल?”

कॅशिअरांना बुद्धिबळाच्या क्लबात बोलावलं होतं, संध्याकाळचंच. त्यांनी नाही कळवलं. “बाईंनी पोहणं सोडलं,” ते म्हणाले, “मी काय घोडे-उंट घेऊन जाऊ?” शब्दकोडंही त्यांनी बंद केलं होतं; आता ते नुसते डोळे मिटून वेळ जायची वाट बघत. सिस्टर येत होत्या, पण खुर्चीत बसल्यावर एवढंच म्हणाल्या, “पुन्हा ड्युटी लागली म्हणायची.”

कारागिरांनी एकदा धीर केला. सगळे यायच्या आधी लवकर गेले. बाई दिव्याची काच पुसत होत्या.

“बाई, तुम्ही जा पोहायला. मी चुकीचं सांगितलं होतं. चालेल सगळ्यांना.”

बाई हसल्या. “परीक्षा बघता काय माझी?”

“नाही हो, खरंच. कोणी तुमच्या भरवशावर—”

“कारागीर,” बाई त्यांच्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, “हा तुमचा मोठेपणा. पण त्या दिवशी तुम्ही मनापासून बोललात, आणि आज माझ्यावर दया करता. दोन्हींतला फरक मला कळतो. मुलांना शिकवलंय मी.”

पुढे काही बोलायचं तर ड्रायव्हरसाहेबांची झोप, कॅशिअरांचं कोडं, सिस्टरांचा बालविभाग आणि स्वतःचे पाणावलेले डोळे, सगळं त्या टेबलावर मांडावं लागलं असतं. कारागिरांनी खुर्च्या सरळ करायला घेतल्या. दारातून मंडळी येऊ लागली होती. प्रत्येकाने बाईंना नमस्कार केला, बाईंनी प्रत्येकाला केला, आणि सगळे आपापल्या खुर्चीत अडकून बसले.

घंटी वाजली. कारागीर दिव्याशेजारी. तिथून त्यांना सगळं ऐकू यायचं: मागचा जागा श्वास, कॅशिअरांचं घड्याळ, सिस्टरांचा उसासा. बाई ताठ बसल्या होत्या, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर काही नाही. पण टेबलाखाली त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या. पावलं जमिनीपासून जराशी उचललेली, आणि ती हलत होती. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. फक्त कारागिरांना दिसत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले, तरी दिसत राहिलं.

तर जमाखर्च असा. ड्रायव्हरसाहेबांची झोप गेली. कॅशिअरांचा डाव गेला, कोडंही गेलं. सिस्टरांना निवृत्तीनंतर पुन्हा ड्युटी लागली. कारागिरांना तासाचा दीड तास मिळाला आणि त्यातली शांतता गेली. तलावावरची जागा दुसऱ्याच कुणा बाईला मिळाली. सगळ्यांत फायद्यात राहिली ती तेवढी एकटी, आणि तिला यातलं काही ठाऊक नाही. उरलेला सगळा खर्च बाईंच्या नावावर पडला, आणि त्या तो रोज वेळेवर, अंबाडा नीट बांधून, भरत होत्या.